लख्ख काठी

मोसम संपला की धाकटा भाऊ गळाची काठी परत आणून द्यायचा आणि थोरल्याचं डोकं फिरायचं. रिळात वाळू, दोरीचा गुंता, गळ गंजलेले.

"तेलाचे दोन थेंब टाकायला हात झडले होते का रे, गाढवा?"

धाकटा नुसता हसायचा. "पुढच्या मोसमात नक्की, दादा."

यंदा निम्मा मोसम उरलेला असतानाच तो काठी ठेवून गेला. थोरला तोंडाचा पट्टा सोडायच्या तयारीनंच बसला. त्यानं रीळ उघडलं, तर आत ताजं तेल. दोरी नवीकोरी. गळ घासूनपुसून बुचात ओळीनं टोचलेले. शोधूनही वाळूचा कण सापडेना, तसतसा त्याचा पारा चढत गेला. फोन लावून तो कडाडला,

"खोटं बोललास तर याद राख! डॉक्टर काय म्हणाले?"