वीस मिनिटं

"अंगठा बुडव आणि लाव, बस्स," मोहीमप्रमुख ओठ न हलवता म्हणाला. माईक त्यानं तळहातानं झाकला होता. "चार लोकांत शोभा करू नकोस, पोरी."

व्यासपीठावर नवी रबरी होडी हवा भरून ठेवली होती. तिच्याशेजारी पांढरा रंग भरलेली वाटी. मागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'उस्तादांची अपुरी मोहीम : वर्षावनातून नदीच्या उगमाकडे'. खाली उस्तादांचा गेल्या वर्षीचा फोटो, याच सभागृहातला. ते हसत होडीला अंगठा लावताहेत आणि शेजारी प्रमुख उभा आहे.

उस्ताद म्हणजे तिचे बाबा. तपासलेल्या प्रत्येक होडीवर ते पांढऱ्या रंगात अंगठा उठवायचे. त्या ठशाशिवाय इथे कोणी होडी प्रवाहात घालत नसे. गेल्या वर्षी लोकांसमोर ठसा आधी उठला. तपासणी नंतर वर्कशॉपमध्ये करू, असं ठरलं होतं. होडी मात्र सभागृहातूनच ट्रकवर चढली. दुरुस्तीसाठी सोबत गेलेले बाबा परत आले नाहीत. भर धारेत जोड उसवला, एवढंच परतलेल्यांनी सांगितलं.

आता वर्कशॉप ती चालवत होती. ठसा तिचा चालत होता, आणि तो उठल्याशिवाय समोरचे देणगीदार मोहिमेला काही देणार नव्हते.

तिनं खुर्चीखालची बादली पुढे ओढली. साबणाचं पाणी, ब्रश.

"हे काय?"

"तपासणी."

"इथे? अगं, नवीकोरी आहे. कंपनीचा कागद आहे माझ्याकडे."

"मग कागदावर बसून जा."

पहिल्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं. प्रमुखानं माईकवरचा हात काढला आणि तोही हसला. "उस्तादांची लेक शोभते! उस्तादांना मात्र पाच मिनिटंही लागली नव्हती."

"म्हणून मला वीस लागतील." त्याला काका म्हणणं तिनं वर्षापूर्वीच सोडलं होतं. "साहेब, हवा कमी आहे. पंप मारा."

इस्त्रीच्या कोटातल्या प्रमुखानं सगळ्यांदेखत पायाचा पंप मारला. ती पुरे म्हणेपर्यंत मारला.

मग तिनं गुडघ्यांवर बसून एकेक जोड फेसानं माखला. मोहिमेसोबत जाणारी डॉक्टरीण खुर्चीवरून उठून तिच्याजवळ येऊन बसली.

"काय बघायचं?"

"फेस हलतो का ते. बुडबुडा फुगायला लागला, की समजा तिथून हवा जातेय."

दोघी बघत राहिल्या. मागे खुर्च्या करकरल्या, कोणी खोकलं, कोणी घड्याळ बघितलं. तिला बुडबुडा हवा होता. एक पुरला असता. होडीच्या नाकाशी, वळणावर, झडपेपाशी, कुठेही. आपण देवाकडे मागावं तसा बुडबुडा मागतोय, हे लक्षात आल्यावर तिची तिलाच लाज वाटली. तरी ती मागत राहिली.

वीस मिनिटं झाली. फेस सुकला. होडी ठणठणीत होती.

'नापास' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पुन्हा तपासणारं इथे दुसरं कोणी नव्हतं.

"झालं समाधान?" प्रमुख वाकून पुटपुटला. "की अजून सूड बाकी आहे?"

तिनं अंगठा रंगात बुडवला आणि शेवटच्या जोडाशेजारी दाबून धरला. बाबा धरायचे तितका वेळ. ठसा स्वच्छ उठला.

टाळ्या पडल्या. "उस्तादांच्या लेकीनं मोहिमेला आशीर्वाद दिलाय!" प्रमुख माईकमध्ये गरजला आणि त्यानं मोकळा हात तिच्यापुढे केला. तिनं त्याच्या दुसऱ्या हातातला माईक घेतला.

"होडी चांगली आहे," ती म्हणाली. "मी फक्त होडी तपासली."

टाळ्या विरत गेल्या. डॉक्टरीण उठून उभी राहिली. तिच्या बोटांवरही फेस वाळला होता.

"आणि गेल्या वर्षीची?" तिनं प्रमुखाला विचारलं. "मागची कोणी तपासली होती?"

"म्हणजे काय? उस्तादांनी! सगळ्यांसमोर!" त्यानं फलकाकडे हात केला. "हा काय फोटो."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. पहिल्या रांगेतल्या वयस्क बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पुढे झुकून फोटो नीट पाहिला.

"त्यांचं मनगट कुणी धरलंय?" त्यांनी विचारलं.