तिसरं युकुलेले

"फार महाग नको, अगदी खेळण्यातलंही नको. मधलं एखादं युकुलेले दाखवा," नुकतेच निवृत्त झालेले मनोहरराव म्हणाले. वाद्यांच्या दुकानदाराने छोट्या गिटारसारखी, चार तारांची तीन युकुलेले काढून ठेवली. मनोहरराव बायकोकडे वळले. "शैला, तुझा कान चांगला आहे. तू निवड."

शैलाताईंनी प्रत्येकाची एक तार आधी मोकळी छेडली, मग बाराव्या पडद्यावर दाबून; तिथे तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. पहिली दोन चोख बोलली. तिसऱ्याचा वरचा सा चढा लागत होता. पडदेच चुकीचे बसवलेले; खुंट्या कितीही पिळल्या तरी ते सुरात येणार नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, भरल्या घरात त्या गात असताना मनोहरराव मोठ्याने म्हणाले होते, "आवर आता तुझं रडगाणं." सगळे नातेवाईक हसले होते. त्यानंतर शैलाताई कधी गायल्या नाहीत.

"हे तिसरं घ्या," त्या म्हणाल्या. दुकानदाराने चमकून त्यांच्याकडे पाहिलं आणि तेच पिशवीत भरलं.

"सोसायटीच्या गणपतीत वाजवणार बघ!" मनोहरराव खुशीत म्हणाले.

"वाजवा ना," पिशवी हौसेने छातीशी धरत शैलाताई म्हणाल्या. "मी सगळ्या नातेवाइकांना बोलावते."