गवळीबाईंचा रविवारचा डबा

या, जवळ सरका, एक गोड गोष्ट सांगते.

डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी दोन वर्षं राबलेली वेणू केंद्राच्या फाटकातच अडली. गळ्यात काही चालणार नव्हतं, सोबत कुणी नव्हतं, आणि तुळशीची माळ भुईवर ठेवायला मन धजेना. पाच मिनिटांत फाटक बंद होणार होतं.

"आण, मी घालते," झडती घेणाऱ्या पोलीस गवळीबाई म्हणाल्या.

"मावशी, माळ घातली की मटण बंद!"

"अगं बया, डब्यात तेच आहे की!" बाईंनी डबा शेजारच्या हवालदाराला दिला, माळ गळ्यात घातली. "जा, मन लावून लिही."

वेणू हसतच आत गेली.

आज ती डॉक्टरकी शिकते. तिचं कौतुक कराल तेव्हा, माउली, उपाशी राहिलेल्या गवळीबाईंचीही आठवण ठेवा.