कळपातलं जनावर

"उघड की गं तोंड," बहिरू म्हणाला.

मोमोनं तोंड उघडलं, त्याच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला आणि पुन्हा मिटलं.

जनावर ते केवढं, तर ओंजळीत मावेल एवढं. बहिरूच्या नातीचं, इंद्रायणीचं गिनीपिग. परीक्षेपुरतं आठ दिवस त्याच्याकडं शिनोलीला ठेवून ती पुण्याला गेली, तेव्हा तिचा पाय निघत नव्हता. बहिरूनं मिशीवर ताव देत सांगितलं होतं, "दोनशे मेंढरं संबाळली म्या. ह्यो एक उंदीर मला जड हाय व्हय?"

सहाव्या दिवशी उंदरानं अन्न सोडलं. कालपासून तोंडात काडी नाही. सकाळी बहिरू त्याला बाजाराच्या पिशवीत घालून घोडेगावला गुरांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी दात पाहिले, पोट चाचपलं. "आजार दिसत नाही," ते म्हणाले, "पण पोट रिकामं राहिलं तर ही जात टिकत नाही, बाबा. आज काहीतरी पोटात गेलंच पाहिजे." आणि बिनसुईची सिरिंज व भिजवून पाजायची एक पुडी दिली.

पुडीतलं अर्धं बहिरूच्या सदऱ्यावर गेलं, अर्धं मिशीत. मग त्यानं घरचा उपाय केला. बिरोबाचा भंडारा मेंढरांना लावतात तसा मोमोच्या कपाळाला लावला. मेंढीच्या कपाळाला चिमूट पुरते. मोमोला कपाळ असं वेगळं नव्हतंच. पांढरंशुभ्र जनावर शेपटाकडच्या टोकापर्यंत हळदीचं झालं. शेपूटही नव्हतं, ते वेगळं.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर इंद्रायणी.

"आबा, मोमो दाखव ना."

"निजलीय."

"सकाळीपण निजलीच होती. उद्या शेवटचा पेपर झाला की निघतेच मी. जेवतेय ना ती?"

"लई. ऐकतच न्हाई."

"आबा, मागं ते पिवळं काय हललं?"

"रेंज गेली बग, बाळ," असं म्हणून बहिरूनं फोन उशीखाली घातला.

मग मात्र तो खोक्यापुढं येऊन बसला. उंदीर मरेल ही भीती एक होती. पण पोर पुन्हा कधी आपल्या भरवशावर काही ठेवून जाणार नाही, ही त्याहून मोठी होती. मोमो खोक्याच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली होती. बहिरू तिच्या पाठीकडं बघत राहिला. अशी पाठ त्यानं आधी पाहिली होती. बाजारातून एकटी आणलेली मेंढी पहिल्या दिवशी अशीच बसते. पुढ्यात हिरवागार चारा टाका, बघत नाही. शेजारी दुसरीनं तोंड घातलं की मग घालते.

"आरं तिच्यायला," तो म्हणाला, "ह्यो उंदीर न्हाईच. हे मेंढरू हाय!"

तो पळत जाऊन कोकरू घेऊन आला. कोकरानं मोमोपुढचा लसूणघास खाल्ला, कोथिंबीर खाल्ली आणि खोक्याचा एक कोपरा खाल्ला. मोमो उरलेल्या कोपऱ्यात आणखी अंग चोरून बसली. कोकराची रवानगी परत मेंढरांच्या वाड्यात झाली.

बहिरूनं इकडंतिकडं पाहिलं. पागोटं काढून खुंटीला लावलं. खोकं आडवं केलं, त्याच्यासमोर पालथा पडला, लसूणघासाची एक काडी तोंडात धरली आणि चावू लागला. दोनशे मेंढरांना जन्मभर काय चारलं, ते त्याला त्या दिवशी कळलं. कडू नव्हतं, पण गोडही म्हणवत नव्हतं. दुसरी काडी संपली. तिसरीला मोमोचा कान हलला. चौथी काडी तोंडात असताना तिचं दुसरं टोक कुणीतरी ओढलं.

बहिरूनं श्वास रोखला. काडीच्या एका टोकाला मिशी आणि दुसऱ्या टोकाला मिशी. कुरुकुरु, कुरुकुरु. त्याचे डोळे भरून आले. पुसायला हात हलवायची सोय नव्हती.

बायको, सोनीबाई, ताट घेऊन दारात आली ती तिथंच थांबली. मोमोचं पोट भरेपर्यंत ती तशीच उभी होती.

"आता मानसाचं जेवा," मग ती म्हणाली आणि ताट त्याच्यापुढं ठेवून चुलीकडं वळली. या घरात आधी बहिरू जेवायचा, मागून सोनीबाई. ती कधी जेवते, काय जेवते, हे पंचेचाळीस वर्षांत त्यानं पाहिलं नव्हतं. पाहायचं असतं, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

त्यानं भाकरी मोडली. घास तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला.

"तुजं ताट आन."

"मी जेवन की मागनं."

"मागनं कशापायी? आन म्हनतो ना. कळपातलं जनावर एकलं खात न्हाई."

सोनीबाईनं ताट आणलं. त्याच्यासमोर बसली, डोईवरचा पदर सारखा केला आणि हात मांडीवर ठेवून नुसतीच बसून राहिली.

"खा की गं."

"खाते की," सोनीबाई म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "पर आदी तुमी तिला दावलं तसं पालथं पडून दावा."

बहिरूनं उघड्या दाराकडं पाहिलं. मग उठला आणि आतून कडी लावून आला.