भट्टीकडचा पट्टा

"शेजारचा माणूस दिसला पाहिजे," वनरक्षक ओरडला. "आपापला पट्टा बघून झाला की 'काही नाही' म्हणून मोठ्यानं सांगायचं. सापडली तर शिट्टी."

शाळेतून आणलेल्या शिट्ट्या त्यानं वाटल्या. कुंपणाच्या कडेनं सगळे ओळीत उभे राहिले. रान म्हणायचं ते आपलं कौतुकानं. एकीकडे डांबरी रस्ता, दुसरीकडे ओढा, मागे मक्याची शेतं, आणि मध्ये ही मूठभर झाडी. एरवी इथं शेळीही चुकायची नाही. पण सात वर्षांची पोर सकाळपासून दिसत नव्हती, आणि दिवस कलायला लागल्यावर तीच झाडी अंगावर येऊ लागली होती.

कंपाउंडरकाकांच्या जिवाला घोर लागला होता. दवाखान्यातून निवृत्त झाले तरी गावाची खरचटी-मुरगळी अजून त्यांच्याच दारात यायची. पोर तर त्यांची लाडकी. मलमपट्टी करताना हूं की चूं करायची नाही. झालं की लिमलेटची गोळी गालात धरून बसायची, म्हणून त्यांनीच तिचं नाव खारुताई ठेवलं होतं. आजही खिशात गोळ्या होत्या. निघताना सवयीनं टाकल्या, आणि आता त्या सारख्या हाताला लागत होत्या.

पोरीचा बाप, लाकडाच्या वखारीचा मालक, त्यांच्याजवळ आला. डोळे लाल, आवाज बसलेला.

"काका, तुम्ही आलात, धीर आला. तुम्हाला माहितीच आहे किती धडपडी आहे ती. मागे झोपाळ्यावरून पडली. आता कुठं हातपाय मोडून पडली असेल तर?"

"झोपाळ्यावरून? सायकलवरून म्हणाला होतात ना?"

"तेच हो. एक का असतं तिचं!" त्यानं बाहीनं डोळे पुसले.

लोक हळहळले. शाळेच्या छपराला फुकट लाकूड देणारा, अडल्यानडल्याला धावून जाणारा माणूस. चांगल्याच्याच वाट्याला हे यावं.

वनरक्षकानं काकांना भट्टीकडचा पट्टा दिला. रानाच्या मधोमध उतारावर जुनी पडकी चुन्याची भट्टी होती. ते ऐकून पोरीची आई पुढे आली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. दुःखानं दगड झालीय बिचारी, काकांना वाटलं.

"काका, तिकडे उतार आहे. तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही रस्त्याच्या कडेनं जा."

"अगं, पोरीपेक्षा गुडघे मोठे का?"

"ती तिकडे जायचीच नाही. अंधाराला भिते. ओढ्याकडे बघा ना आधी."

"सगळीकडे बघू, बाई. तू खाली बस बघू."

ती बसली नाही. काका ओळीत शिरेपर्यंत त्यांच्याकडेच बघत राहिली.

ओळ हलली. काठीनं पाला उलथत, काटे चुकवत माणसं पुढे सरकू लागली. एक फुटकी बाटली निघाली, एक जुना बूट निघाला. बूट मोठ्या माणसाचा निघाल्यावर काकांना इतकं बरं वाटलं की त्यांनी झाडाला हात टेकून दम घेतला. ओढ्याकडून पहिली आरोळी आली, "काही नाही!" मग रस्त्याकडून. प्रत्येक आरोळीनं एक जागा कमी होत होती, आणि उरलेल्या जागांची त्यांना जास्तच धास्ती वाटत होती. भट्टीचं तोंड उघडंच असायचं. आत कुणी पडून राहिलं, तर बाहेरून कळायचंही नाही.

डावीकडून वखारवाल्याची हाक रानभर घुमली. "बाहेर ये गं राणी! बाबा काही करणार नाही!"

शेजारच्या पट्ट्यातल्या शिंपीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "बापाचं काळीज बघा."

गुडघे कुरकुरत होते. ते भट्टीपाशी पोचले, तेव्हा तिच्या तोंडावर फांद्यांचा ढीग दिसला. पानं अजून हिरवी होती. काकांनी फांद्या ओढल्या आणि आत डोकावून पाहिलं.

गोधडीवर पोर बसली होती. शेजारी पाण्याची बाटली, डबा, घडी केलेला स्वेटर. धडधाकट. त्यांच्याकडे टुकूटुकू बघत होती.

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी शिट्टी ओठांना लावली.

"शिट्टी नको, आजोबा," ती कुजबुजली.

"अगं खारुताई, सगळं गाव शोधतंय तुला! बाबा रडतायत."

"आई म्हणाली, मामा पहाटे गाडी घेऊन येणार. तोवर कुणाला सापडायचं नाही."

"बाहेर ये गं!" हाक आता जवळून आली. "बाबा काही करणार नाही!"

पोर भिंतीला चिकटली. हूं नाही की चूं नाही. गोधडी खांद्यावरून घसरली. हातावर काकांनीच मागच्या आठवड्यात बांधलेली पट्टी दिसली, आणि पट्टीच्या वर दंडावर चार ताजे निळे वळ, ओळीनं. पाचवा, अंगठ्याचा, दुसऱ्या बाजूला.

शिट्टी ओठांवरून खाली आली.

"काका!" वखारवाला झाडाआडून ओरडला. "भट्टीत बघितलंत का?"

काकांनी खिशातल्या सगळ्या गोळ्या पोरीच्या ओंजळीत ओतल्या. फांद्या होत्या तशा लावल्या. गुडघ्यावर हात देऊन उभे राहिले आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेऊन ओरडले,

"काही नाही!"