लाजरा वड

“हे कुणाला पटायचं न्हाई साहेब, पण ह्यो वड तासाला बोटभर वाढतोय,” कुशाबा म्हणाला. “सकाळी फांदीला टोपी अडकवली आन् न्याहारी करून आलो, तर टोपीला हात पुरंना. शिडी लावून काढली.”

लावलेली रोपं तपासायला पुण्याहून आलेल्या साहेबांनी माले गावच्या पारावरचं रोप न्याहाळलं. “अहो, हे तर तुमच्या कमरेइतकंच आहे.”

“लाजतंय. परका माणूस दिसला की खाली बसतंय.”

साहेब हसले. म्हातारा हसला नाही. त्याची नजर साहेबांच्या पेन्सिलीवर होती. जुना वड वावटळीत पडला, त्या जागी वनमहोत्सवाची दोन रोपं लावली, ती वाळवीनं खाल्ली. हे तिसरं. हेही गेलं तर पार उकरायचा आणि दगड रस्त्याला घालायचे, असं साहेबांनी मागच्या खेपेला बजावलं होतं. मग गावानं बसायचं कुठं?

आणि तिसरं परवाच वाळून काटकी झालं होतं, रोज चार घागरी पाणी पिऊन.

म्हणून आज उजाडताच कुशाबानं ओढ्यावरच्या उंबराची फांदी तोडून आळ्यात रोवली आणि भोवती बोराटीचे काटे लावले. वड होता तो थेट रिहे गावात, डोंगरापलीकडं. तिथवर जायला गुडघे तयार नव्हते. शहरातल्या माणसाला वड काय नि उंबर काय! एवढंच त्याच्या ध्यानातून गेलं, की आज वटपौर्णिमा.

साहेब कागदावर ‘जिवंत’ असं लिहायला वाकले, तोच शेजारची गोजराबाई पूजेचं ताट घेऊन पाराची पायरी चढली. ताटात सुताचं गुंडाळं होतं.

“लांबूनच कर गं पूजा,” कुशाबा घाईनं म्हणाला. “लाजतंय ते.”

गोजराबाईनं काट्यांतून हात घालून एक पान बोटांत धरलं. ते उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मग तिनं कुशाबाकडं पाहिलं. त्यानं नुसती मान हलवली, नको म्हणून. तिला ते कळलं. तिनं सूत हातात घेतलं, पुन्हा ताटात ठेवलं.

“तात्या, मालक चार दीस झालं हातरुणावरनं उठलं न्हाईत,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “ह्यो उंबर हाय. खरा वड कुटं हाय, तेवढं सांगा मला.”