उजवी पाकळी

उजवी पाकळी कृष्णनाथने भिजवलीच नाही. डावी तीर्थात चांगली बुडवून देवाच्या डाव्या खांद्यावर दाबून बसवली. उजवी मात्र नुसती बोटाच्या ओलीवर टेकवली. मग तो मागे सरला आणि हात जोडून गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायला लागला. गुरव म्हणून तीस वर्षं तो हेच करत आला होता. आवाज कधी कापला नव्हता, तो आज कापला. लोकांना वाटलं, देवाचा धाक असेल.

प्रश्न सरळ होता. किनाऱ्यालगतची देवस्थानची माडांची जागा हॉटेलला द्यावी की नाही? उजवी पाकळी आधी पडली तर द्यावी, डावी पडली तर नको. पेडण्याकडच्या त्या गावात लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं असंच कौल लावून ठरायचं.

म्हापशाचे गोकुळदासशेठ सभामंडपात खांबाला टेकून बसले होते. आठवडाभर त्यांनी घरोघरी कागदावरचं चित्र दाखवलं होतं. विमानं भरभरून गोरे पाहुणे गोव्यात उतरत होते आणि कळंगुट त्यांना पुरेनासं झालं होतं. म्हणून येत्या हंगामापासून इथे सगळं नवं. झावळ्यांच्या बारा झोपड्या, पण आत नळाला गरम पाणी. डॉल्फिन दाखवायला होडी. संध्याकाळी वाळूत टेबलं मांडून जेवण. गावातल्या वीस जणांना काम मिळणार होतं. त्यातलं एक कृष्णनाथच्या मुलाला, गौरेशला, आणि तेही कौलाच्या दुसऱ्याच दिवसापासून, हे मात्र शेठने एकट्या कृष्णनाथच्या कानात सांगितलं होतं. "कौल उजवो जाल्यार तुजो झील फाल्यांच कामार," असं. गौरेश बी.ए. होऊन तीन वर्षं घरी बसला होता. हल्ली तो दिवसच्या दिवस कोणाशी बोलत नसे. बापाला त्याची भीती वाटायला लागली होती.

शेठच्या चित्रात त्या माडांतलं कमलाक्षीचं घर काढायचं राहून गेलं होतं. मोठ्या माणसांच्या चित्रांत अशी घरं राहूनच जातात. कमलाक्षी सत्तरीची विधवा. लग्न होऊन गावात आली तेव्हापासून देवळाला फुलं तीच पुरवायची. कौलाला लागणारी पिटकोळीची लाल फुलंही तिच्याच दारातली. घराण्यात आधीपासून चालत आलेल्या या सेवेबद्दल देवस्थानने तिच्या सासऱ्याला ती जागा तोंडी दिली होती आणि कागद मागायचं कोणाला सुचलं नव्हतं. आता ती सगळ्या बायकांच्या पुढे, गाभाऱ्याच्या उंबरठ्याजवळ बसून पाकळ्यांकडे टक लावून पाहत होती.

उजवी पडली. गाऱ्हाणं पुरं होतंय न होतंय तोच पडली.

मराठीवाले एका बाजूला बसले होते, कोंकणीवाले दुसऱ्या बाजूला. भाषेचं आंदोलन संपलं, गोवा घटक राज्यही झालं, पण गावाचे दोन वाडे अजून एकमेकांच्या दारात पाय ठेवत नव्हते. पाकळी पडली तेव्हा मात्र दोन्हीकडच्या माना एकदमच लवल्या. कमलाक्षीनेही हात जोडले. "देवान दिलो तो कौल खरो," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

ती रडेल, भांडेल, शिव्याशाप देईल, याची कृष्णनाथने मनाशी तयारी ठेवली होती. ती हात जोडील, असं त्याला वाटलं नव्हतं.

देवस्थानने तिला देवळामागच्या अग्रशाळेत, यात्रेकरू उतरतात तिथे, एक खोली दिली. ती घर सोडणार त्या सकाळी कृष्णनाथ तिच्या दारात जाऊन उभा राहिला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. ती भांडी लुगड्यात बांधत होती. अंगणातली पिटकोळीची दोन झुडपं तिने मुळासकट काढून गोणपाटात गुंडाळली होती.

"काकी, सामान मी पोचयतंय," तो म्हणाला.

"बस आदी." आल्यागेल्याला देतात तसं तिने त्याला गूळपाणी दिलं. मग पुन्हा गाठ मारायला बसली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उजवी सुकी होती. पन्नास वर्सां मी ती फुलां काढतंय. ओली पाकळी घसारत येता, सुकी तशीच सुटता."

कृष्णनाथच्या हातातला तांब्या हातातच राहिला. आपण भिजवली होती असं सांगावं, हे आधी मनात आलं. आलं याचीच त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

"मगे थंयच सांगलंस नाय कित्याक?" त्याने विचारलं.

"कोणाक सांगू? ह्या वाड्यावरचे त्या वाड्यावर मर्णाक सुद्धा जायनत. सगळे एकठांय बसतत ते त्या पाकळयेफुडे. तीय खोटी म्हटलंय, तर गावाक उरात काय?"

"मी सांगतंय. आत्ता जावन सगळ्यांक सांगतंय," तो उठत म्हणाला. गौरेशचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तरी तो उठला.

"खाली बस. माझां घर गेलां ता गेलां. आता देवाक लोकांत लाज हाडू नको."

तो बसला. वर बघायचं त्याला धाडस होईना. कमलाक्षीने कोपऱ्यातला केळीच्या पानाचा पुडा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. आत सकाळी खुडलेली लाल फुलं होती.

"फाल्यां त्या वाड्यावरची भाग्यलक्ष्मी येतली, चेडवाच्या लग्नाचो कौल घेवक," ती म्हणाली. "तिच्यो दोनय पाकळ्यो भिजय."